बाई बाजारात दिसल्या

माझी भाची यंदा जूनमध्ये शिक्षणसेवक म्हणून रुजू झाली. आठवड्याभरात तिचा फोन आला. "आत्या, स्टाफमध्ये मी एकटीच ख्रिस्ती आहे. कसं वागू गं?" मी म्हटलं, "आधी सगळ्या मुलांची नावं पाठ कर, मग बघू." ती हसली, पण प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १९८४ साली मी कामाला लागले, तेव्हा मलाही तो पडला होता आणि विचारायला कोणी नव्हतं.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित शाळेत, मी तेहतीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. पटावर आठ-नऊशे मुलं, त्यांतली ख्रिस्ती चार-पाच घरांतली. २०१७ साली निवृत्त झाले. भाचीला फोनवर सांगायला बसले तर एकातून दुसरं निघत गेलं, म्हणून लिहून काढलं. यात उपदेश थोडा आणि फजिती जास्त आहे. मुद्द्यांच्या क्रमाला काही अर्थ नाही. शेवटचा मात्र मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो लिहायला हात धजत नव्हता.

१. बाजारातही आपण बाईच असतो

नोकरीचं दुसरं वर्ष असेल. आमच्या गावचा आठवडी बाजार रविवारी भरायचा. उपासना आटोपून मी थेट बाजारात गेले. अंगावर पांढरी साडी, पिशवीत बायबल आणि भजनाचं पुस्तक, त्यावरच भाजी. एका बाईकडे कोथिंबीर टवटवीत दिसली. तिने जुडीचे आठ आणे सांगितले. मी चार आण्यांवर अडून बसले. ती सहा आण्यांवर आली, तरी मी हटेना. "लुटायला बसलाय काय?" हेही बोलून गेले. बाजारात असं बोलायची रीतच आहे, त्यात मला वावगं काही वाटलं नाही.

तेवढ्यात भाजीच्या ढिगामागून आवाज आला, "आई, देऊन टाक. आमच्या बाई आहेत."

आठवीतला मुलगा. पोत्यावर बसून मांडीवर वही घेऊन गणितं सोडवत होता. त्या आठवड्यात मी नफा-तोटा शिकवला होता आणि घरी करायला दहा उदाहरणं दिली होती. त्याच्या आईने लगबगीने जुडी माझ्या पिशवीत टाकली, नेमकी बायबलवर. पैसे घ्यायला तयार होईना. मी आठ आणे तिच्या पुढ्यात ठेवले आणि मान खाली घालून घरी आले.

त्या दिवशीचं प्रवचन कशावर होतं, ते मला आठवत नाही. जुडी आठवते. सोमवारी तो पोरगा नेहमीच्या जागी बसला होता. त्याची दहाच्या दहा गणितं बरोबर होती. मी वहीवर 'छान' लिहिलं आणि लिहिताना माझीच मला लाज वाटली.

२. तोंडाला कुलूप आहे, ही सोयच आहे

शाळेत धर्म शिकवायचा नाही, हे आपल्याला नियम म्हणून सांगितलं जातं. राज्यघटनेच्या २८ व्या कलमात ते आहे. सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही आणि सरकारी मान्यता किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणाला त्याच्या किंवा पालकांच्या संमतीशिवाय धर्माच्या पाठाला बसवता येत नाही. आमच्या मंडळीतल्या काही उत्साही लोकांना हे अडचणीचं वाटायचं. "तुमच्या हाताखाली एवढी मुलं, आणि तुम्ही प्रभूचं नावही काढत नाही?" असं एकांनी मला चर्चच्या दारात सुनावलं होतं.

मला उलट वाटतं. आपल्याला बोलायला मोकळीक असती, तर आपण बोलूनच सुटलो असतो. वर्गात दहा मिनिटं प्रेमावर भाषण आणि मग मारकुट्या बाईसारखी फळ्यावर पट्टी आपटायची, हे सहज जमलं असतं. बोलता येत नाही म्हटल्यावर उरतं काय, तर वहीवरची लाल शाई, उशिरा आलेल्या मुलाकडे पाहण्याची नजर, आणि फी थकली म्हणून कोणाचं नाव सगळ्यांदेखत घ्यायचं की नाही, एवढंच.

पहिल्या वर्षी एका मुलीचे वडील शाळेत आले. टोपी काढून हातात धरली आणि सरळच विचारलं, "बाई, तुम्ही पोरींना किरिस्ताव करता का?" मला राग आला होता. पण माणूस खोटा नव्हता, भ्यालेला होता. मी म्हटलं, "काका, मी तिला अपूर्णांक शिकवते. तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि बघा." ते खरंच बसले, पूर्ण तास. जाताना म्हणाले, "आम्हाला कोणी असं शिकवलं नाही." त्यांच्या तीन मुली पुढे माझ्या हाताखालून गेल्या.

नगरकर म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत उतरल्या आणि १८३९ साली नगरला आल्या. मुलींच्या शाळा चालवता चालवता १८६२ साली इथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. फरारबाईंनी धर्माचा उपदेश केला असणारच, त्यासाठीच त्या आल्या होत्या. पण त्या उपदेशातला एक शब्द आज कोणाला सांगता येईल? शाळा मात्र सांगता येते.

३. 'आपलाच आहे' हे शब्द ऐकले की सावध व्हावं

मंडळीतल्या एका मानकऱ्यांचा मुलगा नववीत होता. वार्षिक परीक्षेत गणितात एकतीस पडले. पस्तीसला चार कमी. गृहस्थ संध्याकाळी घरी आले, सोबत पपई. "बाई, आपलाच आहे. चार गुणांनी काय आभाळ कोसळतं?"

पेपर मी दोनदा तपासला. एक गुण निघाला, तो दिला. बत्तीस. बाकी नियमाप्रमाणे सवलतीचे गुण मिळायचे ते इतर मुलांबरोबर मिळाले आणि पोरगा त्यातून वर चढलाही. पण मी 'दिले नाहीत', हे त्यांच्या मनात राहिलं. पुढे दोन वर्षं ते मला चर्चमध्ये सलाम करत नव्हते. प्रभुभोजनाच्या रविवारी आम्ही एकाच रांगेत उभे राहायचो आणि एकमेकांकडे पाहायचो नाही. कोण चुकीचं होतं ते सोडा, ते दृश्य काही शोभेचं नव्हतं. दुसऱ्या नाताळला मीच त्यांच्या घरी करंज्या घेऊन गेले. पपई परत दिली नव्हती, तेही मनात होतं.

वर्गाला हे सगळं माहीत होतं. मुलांना कसं कळतं, देव जाणे. पण तेव्हापासून माझ्याकडे कोणी गुणांसाठी आलं नाही, एवढं खरं.

४. प्रसादाचं काय करायचं

हा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसाला दर श्रावणात आणि दर भाद्रपदात पडतो आणि यावर आमच्यात एकमत नाही. काही जण घेऊन खातात, काही जण हातही लावत नाहीत. काही जण (मी यांतलीच होते) दोन्ही हातांनी घेतात, कपाळाला न लावता मुठीत धरतात आणि कोणी पाहत नाही असं बघून एखाद्या पोराच्या हातावर ठेवतात.

शाळेत गणपती बसायचा. सरस्वतीपूजन व्हायचं. मी रांगोळी काढायची, मुलांच्या रांगा लावायची, आरतीच्या वेळी मागे शांत उभी राहायची. प्रसाद आला की मुठीत. मला वाटायचं, किती सफाईने निभावतो आपण! कोणाचं मन दुखत नाही आणि आपलं व्रतही मोडत नाही.

सातवीतल्या एका मुलीने एक दिवस विचारलंच. "बाई, तुम्ही प्रसाद का खात नाही? दर वर्षी बारक्याला देता."

दर वर्षी! म्हणजे ही पोर पाचवीपासून पाहत होती. पटकन एक सबब तोंडावर आली होती, साखर चालत नाही म्हणून. तेव्हा मला मधुमेह नव्हता, आता आहे, देवाचा विनोद. पण तिच्या डोळ्यांकडे पाहून ती सबब गिळली. तिला सांगितलं, "मी येशूला मानते. दुसऱ्या देवापुढे ठेवलेलं मी खात नाही, असं मी मनाशी ठरवलंय. पण तुझ्या देवाचा मला राग नाही. तू आरती म्हणतेस ते मला आवडतं, तुझा आवाज गोड आहे." ती "बरं" म्हणाली आणि पळाली. मला वाटलं, आता घरी जाऊन सांगेल आणि उद्या कोणीतरी भांडायला येईल.

कोणी आलं नाही. पुढच्या वर्षी गणपतीत आरती झाल्यावर ती माझ्याजवळ आली. तिच्या हातात एक केळं होतं. हळूच म्हणाली, "बाई, हे देवापुढं ठेवलेलं नाही. आधीच बाजूला काढलं होतं. तुमच्यासाठी."

मी ते केळं तिथेच, सगळ्यांसमोर उभी राहून खाल्लं. एवढी वर्षं मी मुठीत जे लपवत होते, त्यात सभ्यपणाइतकाच भित्रेपणाही होता. बारा वर्षांच्या पोरीने तो अलगद सोडवला. आपण काय मानतो ते सरळ सांगावं, आवाज न चढवता, दुसऱ्याच्या देवाला नावं न ठेवता. मुलं त्याची सोय करतात.

५. माफी जिथे चूक केली तिथेच मागायची

आठवीच्या वर्गात एका मुलीचा नवा कंपास हरवला. सगळ्यांच्या दप्तरांची झडती घेतली. मागच्या बाकावरचा एक मुलगा वस्तीवरून यायचा, त्याचं आधीही एकदा नाव आलं होतं. त्याचं दप्तर मी स्वतः उलटं केलं. भाकरीचं फडकं, दोन वह्या, एक भोवरा. कंपास नव्हता. तरी मी त्याला म्हटलं, "कुठे लपवलास?" तो काही बोलेना आणि त्याच्या न बोलण्याचा मला राग आला. मी त्याच्या थोबाडीत दिली.

चार दिवसांनी कंपास माझ्याच कपाटात सापडला, तपासलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यात. मुलीने वहीत घालून दिला होता.

तेव्हा शाळेत मारणं सर्रास चालायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेवर बंदी आली, तोवर छडी हे शैक्षणिक साहित्यच समजलं जायचं. त्यामुळे मला कोणी जाब विचारणार नव्हतं. स्टाफरूममध्ये मैत्रीण म्हणाली, "त्याला बाजूला घे, पाठीवरून हात फिरव, एखादी पेन्सिल दे. झालं." मला ते पटलं. त्याला बाजूला घेतलं, पेन्सिल दिली, "चूक झाली रे," म्हटलं. त्याने पेन्सिल घेतली नाही.

रात्री झोप लागेना. डोंगरावरच्या प्रवचनातलं कुसळ आणि मुसळ मी संडे स्कूलच्या पोरांना कितीदा शिकवलं होतं, फळ्यावर चित्र काढून! मराठी बायबलात हेच दोन शब्द आहेत आणि मराठी माणसाला ते समजावून सांगावे लागत नाहीत. मला समजले नव्हते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेतल्यावर त्याला उभं केलं आणि मीही टेबलामागून पुढे आले. सगळ्या वर्गाला सांगितलं, की कंपास माझ्या कपाटात होता, याने चोरला नव्हता, मी खोटा आळ घेतला आणि मारलं, दोन्ही चुकीचं. "मी तुझी माफी मागते." वर्गात इतकी शांतता कधीच नव्हती. तो खाली बघत होता. मग म्हणाला, "बसू का बाई?"

एवढंच. तो रडला नाही, मला येऊन बिलगला नाही, पुढे फार हुशारही निघाला नाही. दहावीला एका विषयात गेला आणि ऑक्टोबरला सुटला. पण त्या वर्गात त्यानंतर एक चाल पडली. भांडण झालं की पोरं म्हणायची, "चल, वर्गापुढं सॉरी म्हण, बाईंनी म्हटलं होतं तसं."

६. पाय धुणं

पुण्य गुरुवारी प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याची आठवण करतात. काही ठिकाणी त्याचा विधीही होतो. मी एकदा पाहिला. ज्यांचे पाय धुवायचे, ते घरूनच साबणाने धुऊन आले होते. एकाने तर पावडरही लावली होती. मला हसू आवरेना. विधीला नावं ठेवत नाही, पण मळके पाय सापडायला शाळेत यावं.

सहलीला एसटी घाटात शिरली की निम्मी मुलं ओकतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. एका वर्षी एका मुलाने बाकावर, खाली, स्वतःच्या आणि शेजारच्याच्या अंगावर सगळं केलं. सगळे सर खिडकीतून निसर्ग पाहू लागले. ड्रायव्हरमामांनी गाडी थांबवून बादली काढून दिली. मी पदर खोचला. यात मोठेपणा नाही. दोन लेकरांच्या आईला सवय असते. पण परतीच्या प्रवासात नववीची दोन दांडगी पोरं, जी एरवी फळा पुसायलाही कुरकुरायची, आपण होऊन वर्तमानपत्रं फाडून बाकांवर अंथरत होती.

या बाबतीत माझा आदर्श ख्रिस्ती नाही, हे कबूल केलं पाहिजे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि तिथलं वसतिगृहही सांभाळत होते. मुलं बाहेर गेली की त्यांच्या खोल्या स्वतः झाडून ठेवायचे, मळलेले कपडे धुवायचे. न सांगता. मला कधी कधी वाटतं, योहानाच्या शुभवर्तमानातला तो पाय धुण्याचा अध्याय महाराष्ट्रात कोणी नीट वाचला असेल तर तो या माणसाने, मग त्यांनी तो हातात धरला असो वा नसो. आमच्या पाळकसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडे गंभीर झाले. मग म्हणाले, "प्रवचनात वापरू का?"

७. घरी

माझा मुलगा चौदा वर्षांचा असताना म्हणाला होता, "आई, शाळेतल्या पोरांशी बोलतेस तसं माझ्याशी बोल ना कधी." यावर मला आजही काही लिहिता येत नाही. भाची, तुझं लग्न व्हायचंय, लक्षात ठेव.

८. गळाला किती लागले, हे मोजू नये

निवृत्तीच्या कार्यक्रमाला मुंबईहून एक दूरचे नातेवाईक आले होते. जेवताना त्यांनी विचारलं, "तेहतीस वर्षांत किती आत्मे जिंकले?" मी म्हटलं, "गणितात साधारण सत्तर टक्के पास झाले." ते नाराज झाले.

माझ्या शिकवण्यामुळे कोणी ख्रिस्ती झालं नाही. तसा माझा हेतूही नव्हता, आणि असता तर ती मुलांशी लबाडी झाली असती. त्यांच्या आईबापांनी त्यांना अपूर्णांकांसाठी पाठवलं होतं. या बाबतीत मला रेव्हरंड टिळकांच्या घरातली गोष्ट धीर देते. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला फेब्रुवारी १८९५ मध्ये. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मधली पाच वर्षं काय गेली असतील, ते बाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला माहीत आहे. ताटातूट, लोकांची बोलणी, मग पुन्हा एकत्र येणं. एकत्र आल्यावरही बाईंचं सोवळं चालूच. टिळक तापट आणि विसरभोळे, पैसा हातात टिकायचा नाही. बाईंनी त्यांचं काहीच झाकून ठेवलेलं नाही. पण त्यांनी बायकोवर आपला धर्म लादला नाही. सोवळं सुटलं ते बाईंचं त्यांनाच उमगून. ज्या माणसाला रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत, त्याच्या सगळ्या वेडेपणासकट पाहिलं, त्याचा देव बाईंनी शेवटी आपला म्हटला. मोठमोठ्या सभांत टिळकांची कीर्तनं गाजली, पण सगळ्यात अवघड श्रोता घरातच होता.

माझी आजी बायबलबाई होती, बैलगाडीने वाड्यावस्त्यांवर बायबल सांगायला जायची. तीही मोजायची नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "पेरणं माझं, पाऊस त्याचा." आमच्या नगर जिल्ह्यात पावसाचं बोलणं म्हणजे गंमत नसते.

९. खिडकी

आता राहिलेलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दहावीची बोर्डाची परीक्षा, आमच्याच शाळेत केंद्र. इंग्रजीचा पेपर, म्हणजे गावाचा सगळ्यात मोठा घोर. सकाळी एका वरिष्ठांनी मला बाजूला बोलावलं. "बाई, निकाल पडला तर तुकडी तुटते. तुकडी तुटली तर तुमच्यातलाच एक जण अतिरिक्त ठरतो. तुम्हाला काही करायचं नाही. फक्त खिडकीकडे बघत बसायचं." त्या वर्षी ज्येष्ठतेच्या यादीत गणिताच्या शिक्षकांत मी तळाला होते. घराचं कर्ज चालू होतं.

ब्लॉकमध्ये पंचवीस मुलं. पहिला अर्धा तास बरा गेला. मग पाणी वाटणारा पोरगा आला. पेल्याच्या बुडाखाली घडी घातलेले कागद होते. तो दर दहा मिनिटांनी येत होता. मार्च महिना असला तरी इतकी तहान कोणाला लागत नाही. बाहेर पाइपाला धरून कोणाचातरी भाऊ चढला होता. माझ्या समोरच्या खिडकीतून चिंच दिसायची. मी चिंचेकडे बघत बसले. तिच्यावर किती चिंचा होत्या, ते मी आजही सांगू शकेन.

तिसऱ्या रांगेत दुसऱ्या बाकावर माझ्याच तुकडीतली एक मुलगी होती. वडील नव्हते, आई शेतावर मजुरीला जायची. इंग्रजी तिचं कच्चं होतं, मलाही माहीत होतं. तिच्याकडे कागद नव्हता. तिला कोणी आणून देणारं नव्हतं, किंवा तिने घेतला नसेल. ती स्वतःचं स्वतः लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. तीन तासांत तिने तीनदा मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती तिच्या नजरेत. 'बाई, तुम्हाला दिसतंय ना?' एवढंच होतं. मी तिन्ही वेळा चिंचेकडे पाहिलं.

त्या ब्लॉकमधली चोवीस मुलं इंग्रजीत पास झाली. ती सहा गुणांनी नापास झाली. केंद्राचा निकाल चांगला लागला. तुकडी टिकली आणि माझी नोकरीही. पेढे वाटले, मी खाल्ला.

पुढच्या वर्षी मी त्या वरिष्ठांना सांगितलं, की मला पर्यवेक्षणाला बसवायचं तर मी ब्लॉकमध्ये पाण्याचा पोरगा येऊ देणार नाही. त्यांनी मला परीक्षेच्या काळात दाखले लिहायला बसवलं. त्याने काही बदललं नाही. त्या ब्लॉकमध्ये दुसरं कोणीतरी चिंच बघत बसलं. मी आवाज उठवला असता तर बरं दिसलं असतं, पण मी तेवढंच केलं. जे केलं नाही ते लिहिण्यात अर्थ नाही.

ती मुलगी ऑक्टोबरला बसली नाही. जूनमध्ये तिचं लग्न झालं, असं कळलं. दाखला न्यायला तिचा मामा आला होता. तो दाखला मीच लिहिला, माझ्याच अक्षरात. शेरा या रकान्यात 'वर्तणूक चांगली' असं लिहिलं.

पाचव्या मुद्द्यात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलंय, की माफी जिथे चूक केली तिथेच मागायची. ती खोली आता नाही, इमारत पाडून नवी बांधली. चिंचही तोडली. त्या वर्गातली पोरं कुठे कुठे आहेत. ती मुलगी आता पंचेचाळीसच्या पुढे असेल, तिची मुलं दहावी होऊन गेली असतील. तिचं माहेरचं नाव मला आठवतं, पण ते इथे लिहिणार नाही. सासरचं नाव आणि गाव मला माहीत नाही.

तिसऱ्या रांगेतल्या पोरी, हे तुझ्या वाचनात आलं तर एवढं कळव, की कुठे यायचं. मी येईन, आणि तुझ्या घरच्या माणसांपुढे सांगेन, की त्या दिवशी मला दिसत होतं.